पर्यायी इतिहास लिहायचा तर मार्च १९६१ पासून लिहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चंद्रावर पहिले पाऊल सोव्हिएत अंतराळवीराने ठेवले असे कल्पून लिहिलेली जी दीर्घकथा आपल्या रविवार पुरवणीत आली आहे, ती मी लक्षपूर्वक वाचली. मानवाच्या अवकाशप्रवासाच्या आरंभकाळावर मराठीत असे काही लिहिले जावे आणि एका दैनिकाने त्याला पूर्ण पान द्यावे, याचा मला मनापासून आनंद झाला. पर्यायी इतिहास हा निव्वळ करमणुकीचा प्रकार आहे असे मी मानत नाही. जे घडले ते तसेच का घडले हे समजून घ्यायचे असेल, तर जे घडता घडता राहिले त्याकडेही तितक्याच बारकाईने पाहावे लागते. म्हणूनच या कथेने इतिहासाला जेथे वळण दिले ती जागा चुकली आहे, असे मला वाटते, आणि त्याची कारणे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कथेचा सारा डोलारा एका कल्पनेवर उभा आहे : सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोलेव जानेवारी १९६६ मधील शस्त्रक्रियेतून वाचले. प्रत्यक्षात १४ जानेवारी १९६६ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, मॉस्कोतील रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. जो माणूस ऐन उमेदीत स्टॅलिनच्या राजवटीत पकडला जाऊन कोलिमाच्या छावणीत खितपत पडला, ज्याचे नाव त्याच्या हयातीत सोव्हिएत वृत्तपत्रांत छापता येत नव्हते, आणि तरीही ज्याच्या हाताखाली पहिला उपग्रह, पहिला मानव, पहिली स्त्री आणि पहिला स्पेसवॉक हे सारे घडले, त्याचे असे जाणे चटका लावणारे आहे. तो जगला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. मात्र कोरोलेव यांना आणखी दहा वर्षे आयुष्य दिले म्हणजे चंद्र सोव्हिएत संघाच्या पदरात पडला, असे म्हणण्यापूर्वी त्यांच्या चंद्र-रॉकेटाकडे, म्हणजे एन-१ कडे, नीट पाहायला हवे होते.

एन-१ ची दुखणी कोरोलेव हयात असतानाच सुरू झाली होती. केनेडी यांनी चंद्राचे उद्दिष्ट मे १९६१ मध्ये जाहीर केले; माणसाला चंद्रावर उतरवण्याचा अधिकृत सोव्हिएत निर्णय ऑगस्ट १९६४ मध्ये, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ वाया गेल्यावर झाला. तोही काम विभागून देणारा होता : चंद्राला वळसा घालून परतण्याची जबाबदारी दुसरे रॉकेट-रचनाकार व्लादिमीर चेलोमेई यांच्याकडे, तर उतरण्याची कोरोलेव यांच्याकडे. रॉकेट-इंजिनांचे सर्वांत मोठे जाणकार वालेंतिन ग्लुश्को यांना साठवायला सोपी पण विषारी अशी इंधने हवी होती. कोरोलेव केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन यांवर ठाम होते. त्यांचा तो आग्रह गैर नव्हता. ऑक्टोबर १९६० मध्ये बायकोनूर या सोव्हिएत प्रक्षेपण-केंद्रात तशाच विषारी इंधनांवर चालणारे एक क्षेपणास्त्र तळावरच पेटून मार्शल नेदेलिन यांच्यासह अनेक माणसे होरपळून मेली होती. परंतु या मतभेदापायी इंजिने बनवण्याचे काम विमान-इंजिनांत मुरलेल्या निकोलाय कुझनेत्सोव यांच्याकडे गेले, मोठ्या इंजिनाचा अनुभव नसल्यामुळे लहान इंजिने घ्यावी लागली, आणि पहिल्या टप्प्यात त्यांची संख्या तीसवर गेली. त्या इंजिनांच्या काही झडपा एकदाच उघडता येण्याजोग्या होत्या. त्यामुळे जे इंजिन रॉकेटाला बसवायचे तेच आधी चालवून पाहणे शक्य नव्हते. एका खेपेतील काही नमुने चालवायचे आणि उरलेल्यांवर विश्वास ठेवायचा, अशी पद्धत होती. संपूर्ण पहिला टप्पा जमिनीवर बांधून पेटवून पाहण्याची सोय वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी सोडून देण्यात आली, आणि हा निर्णय कोरोलेव यांच्याच काळातला आहे. पुढे २१ फेब्रुवारी १९६९, ३ जुलै १९६९, २७ जून १९७१ आणि २३ नोव्हेंबर १९७२ अशी चार उड्डाणे झाली आणि चारही वेळा पहिला टप्पा आपले काम पुरे करू शकला नाही. जुलै १९६९ मध्ये तर रॉकेट तळावरच कोसळले आणि तळ उद्ध्वस्त झाला. कोरोलेव यांच्या शब्दाला क्रेमलिनमध्ये वजन होते, त्यांनी पैसा ओढून आणला असता, हे मला मान्य आहे. पण चाचणी-तळाची उणीव वजनाने भरून निघत नाही.

ओघात एक दुरुस्ती सुचवते. कथेत अलेक्सेई लिओनोव आणि त्यांचा सहकारी असे दोघे चंद्रावर उतरतात. सोव्हिएत आराखड्यातील चांद्रयानात एकाच माणसाला जागा होती; दुसरा चंद्राभोवतीच्या कक्षेत थांबणार होता, आणि दोन यानांमध्ये बोगदा नसल्यामुळे उतरणाऱ्याला स्पेसवॉक करूनच एका यानातून दुसऱ्या यानात जायचे होते. खरे तर हा तपशील कल्पनेपेक्षा अधिक चित्तथरारक आहे, आणि कथेत तो राहून गेला याची हळहळ वाटते.

पर्यायी इतिहासाचे वळण कोठे घ्यावे, याचा माझा निकष असा आहे. जो निर्णय शुद्धीवर असलेल्या, जाणत्या माणसांनी घेतला, जो दुसऱ्या बाजूनेही सहज लागू शकला असता आणि ज्याचे परिणाम दूरवर पोहोचले, तेथून कथा सुरू करावी. अवकाशप्रवासाच्या आरंभकाळात अशी जागा शोधायला गेल्यास मार्च १९६१ मधील लागोपाठचे तीन दिवस सापडतात : २३, २४ आणि २५ मार्च. हे तीन दिवस आपल्याकडे कोणाच्या फारसे खिजगणतीत नाहीत.

आधी २४ मार्चविषयी लिहिते, आणि त्यासाठी दोन महिने मागे जावे लागेल. ३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने फ्लोरिडातील केप कॅनाव्हेरल येथून रेडस्टोन रॉकेटावर मर्क्युरी या आपल्या पहिल्या मानवी अवकाश कार्यक्रमाच्या कुपीत हॅम नावाचा चिंपांझी पाठवला. समोरचा दिवा लागला की त्याने तरफ ओढायची, चुकले तर तळपायाला विजेचा सौम्य झटका बसायचा, असे त्याला शिकवलेले होते. रॉकेटाचे इंजिन ठरल्यापेक्षा जोरात जळले, ऑक्सिजन वेळेआधी संपला, आणि त्यामुळे संकटकाळी कुपी ओढून नेणारे रॉकेटही पेटले. कुपी १८५ किलोमीटरऐवजी अडीचशे किलोमीटरांवर गेली, ठरल्या जागेपासून दोनशे किलोमीटर पुढे समुद्रात पडली, आणि बचावपथक पोहोचेपर्यंत तिच्यात पाणी शिरू लागले होते. परतताना त्या जिवाने आपल्या वजनाच्या चौदापटीहून अधिक भार सोसला. मात्र वर असताना आणि वजनरहित अवस्थेतही तो दिवा लागताच तरफ ओढत राहिला, आणि जिवंत परत आला. माणूस वर जाऊन काम करू शकेल, याचा इतका बोलका पुरावा अमेरिकेकडे त्याआधी नव्हता.

यानंतर अमेरिकन अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांना पाठवायचे की नाही, हा प्रश्न उभा राहिला. शेपर्ड तयार होते, नासातील अनेकांचाही होकार होता, आणि इंजिनाचा दोष कोठे आहे तेही कळले होते. पण रेडस्टोनची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्या वेर्नर फॉन ब्राउन यांनी माणसाविना आणखी एका चाचणीचा आग्रह धरला, आणि तो मान्य झाला. २४ मार्च रोजी ते उड्डाण झाले. त्यात एक साधी, रिकामी कुपी होती; ती रॉकेटापासून वेगळी होण्याची व्यवस्थाही नव्हती. रॉकेट सुमारे १८३ किलोमीटर उंचीवर गेले, सगळे काही ठरल्याप्रमाणे पार पडले, आणि कुपी व रॉकेट एकत्रच अटलांटिक महासागरात गेले. त्या कुपीच्या जागी शेपर्ड असते, तर अवकाशात गेलेला पहिला मानव अमेरिकन ठरला असता. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, १२ एप्रिल १९६१ रोजी, युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले. शेपर्ड यांची पाळी ५ मे रोजी आली.

आता दुसरी बाजू पाहा. फॉन ब्राउन यांच्याइतकीच सावधगिरी कोरोलेवही बाळगत होते. डिसेंबर १९६० मध्ये प्च्योल्का आणि मुश्का या दोन कुत्र्यांसह एक यान परतताना नष्ट झाले होते, आणि त्यानंतर, कुत्रा आणि मानवी पुतळा घेऊन जाणारी दोन उड्डाणे लागोपाठ निर्दोष झाल्याशिवाय माणूस पाठवायचा नाही, असे ठरले होते. पहिले ९ मार्चला झाले. दुसरे, ज्वेज्दोच्का या कुत्रीचे, २५ मार्चला झाले, म्हणजे अमेरिकेच्या रिकाम्या उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी. दोन देशांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन रॉकेटतज्ज्ञांनी एकाच आठवड्यात ‘आणखी एकदा तपासू’ असे म्हटले, आणि ज्याचा क्रम आधी लागला तो जगाच्या इतिहासात पहिला ठरला. ही गोष्ट मला कोणत्याही कल्पित कथेपेक्षा अधिक विलक्षण वाटते.

मग २४ मार्चला शेपर्ड गेले असते तर काय? पहिली गोष्ट, गागारिन यांचे मोठेपण कमी झाले नसते, आणि हे मी भौतिकशास्त्राच्या आधारे सांगते. शेपर्ड यांचे उड्डाण पंधरा मिनिटांचे होते. कुपी वर गेली आणि खाली आली. तिचा कमाल वेग ताशी सुमारे ८,३०० किलोमीटर होता. कक्षेत राहण्यासाठी ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग लागतो. वेग साडेतीन पटीच्या जवळपास, म्हणजे दर किलोग्रॅममागे लागणारी गतिज ऊर्जा अकरा-बारा पट. रेडस्टोनला ते झेपण्यासारखे नव्हते. अमेरिकेला कक्षेत माणूस पाठवायला फेब्रुवारी १९६२ उजाडावे लागले, आणि त्यासाठी ॲटलस हे वेगळे रॉकेट वापरावे लागले. १९६१ च्या अखेरीस गागारिन भारतात आले, मुंबईतही आले. माझ्या पर्यायी इतिहासातही ते आलेच असते आणि लोकांनी त्यांना तेवढ्याच प्रेमाने डोक्यावर घेतले असते. मात्र मान विभागला गेला असता : अवकाशात पहिला अमेरिकन, कक्षेत पहिला सोव्हिएत.

आणि मान विभागला गेला असता, तर केनेडी यांना चंद्राची गरज पडली असती का? माझ्या मते हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. मार्च १९६१ मध्ये त्यांनी मोठ्या रॉकेटांसाठी पैसा वाढवला होता, पण मर्क्युरीच्या पुढे माणसाला नेणाऱ्या यानाचा निर्णय लांबणीवर टाकला होता. १२ एप्रिलला गागारिन गेले, १७ एप्रिलला क्यूबाच्या बे ऑफ पिग्जमध्ये अमेरिकेची नाचक्की झाली, आणि २० एप्रिलला केनेडी यांनी उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना लेखी विचारले की, अवकाशात असा कोणता नेत्रदीपक कार्यक्रम आहे ज्यात आपण जिंकू शकू? २९ एप्रिल रोजी जॉन्सन यांना पत्राने उत्तर देणाऱ्यांत फॉन ब्राउनही होते. माणसाला चंद्रावर उतरवण्यात सोव्हिएत संघाला मागे टाकण्याची आपल्याला उत्तम संधी आहे, असे त्यांनी कळवले. त्याचे कारणही तांत्रिक होते : त्यासाठी हाती असलेल्या रॉकेटांपेक्षा सुमारे दहापट ताकदीचे रॉकेट लागणार होते, आणि तसे सोव्हिएत संघाकडेही नव्हते, म्हणजे दोघांनाही आरंभ तेथूनच करायचा होता. २५ मे रोजी केनेडी चंद्राचे उद्दिष्ट घेऊन अमेरिकी काँग्रेससमोर, म्हणजे तेथील संसदेसमोर, उभे राहिले. ज्या गृहस्थाने मार्चमध्ये आणखी एक चाचणी मागून पहिला क्रमांक हातचा जाऊ दिला, त्यानेच एप्रिलमध्ये त्या पराभवाला उत्तर म्हणून चंद्राचा मार्ग दाखवला. शेपर्ड मार्चमध्ये गेले असते, तर ते पत्र लिहिण्याची वेळच बहुधा आली नसती.

असा पर्यायी इतिहास पुढे कसा गेला असता, याचा माझा अंदाज असा. अमेरिकेने मर्क्युरीनंतर पृथ्वीभोवतीचे लहान स्थानक आणि मग केव्हातरी चंद्राला वळसा, असा संथ क्रम धरला असता. अपोलोची पहिली कल्पना १९६० मध्ये साधारण अशीच होती. केंद्रीय अर्थसंकल्पाचा चार टक्क्यांहून अधिक हिस्सा नासाकडे जाण्याचे १९६६ हे वर्ष उगवले नसते. प्रतिस्पर्धी धावत नाही म्हटल्यावर मॉस्कोनेही एन-१ ला चंद्राऐवजी मोठी स्थानके आणि दूरच्या ग्रहांच्या मोहिमा यांसाठी, सावकाश, कदाचित चाचणी-तळासह, घडवले असते. सप्टेंबर १९६३ मध्ये केनेडी यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडलेली एकत्र चंद्रमोहिमेची सूचना अशा निवांत हवेत रुजली असती, असेही मला वाटते. पण जुलै १९६९ मध्ये चंद्रावर कोणीही उभे नसते. कदाचित १९८० मध्येही नसते. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण त्या पावलाने माझ्या पिढीला विज्ञानाकडे ओढले. तरीही प्रामाणिक अंदाज हाच आहे.

यात एक धोक्याची शाखाही आहे, आणि ती कथाकाराने जरूर चाळावी. २४ मार्चला अमेरिकन माणूस वर गेल्याचे कळताच मॉस्कोने २५ मार्चच्या यानात कुत्रीऐवजी माणूस बसवण्याचा हट्ट धरला असता, तर? प्रत्यक्ष १२ एप्रिलच्या उड्डाणातही परतताना गागारिन यांच्या यानाचा यंत्रविभाग वेळेवर सुटला नाही आणि यान काही मिनिटे गोल गोल फिरत राहिले. सगळी तयारी होऊनही असे घडले. घाईत काय घडले असते, याचा विचार करूनच अंगावर काटा येतो.

आता २३ मार्चविषयी. त्या दिवशी मॉस्कोत, पहिल्या सोव्हिएत अंतराळवीर-तुकडीतील सर्वांत तरुण सदस्य, चोवीस वर्षांचा वालेंतिन बोंदारेंको, दाबकक्षात एकांतवासाची चाचणी देत होता. दिवस बरेच झाले होते. अंगाला लावलेले वैद्यकीय संवेदक काढल्यावर त्या जागा त्याने स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसल्या आणि तो कापूस बाजूला टाकला. कापूस विजेच्या शेगडीवर पडला. कक्षातील हवेत ऑक्सिजनचे प्रमाण मुद्दाम खूप वाढवलेले होते. क्षणात आग भडकली, त्याच्या लोकरी कपड्यांनी पेट घेतला, आणि आतला-बाहेरचा दाब सारखा झाल्याशिवाय दार उघडता येत नसल्यामुळे बाहेरची माणसे काही करू शकली नाहीत. काही तासांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. गागारिन यांच्या उड्डाणाला तीन आठवडेही उरले नव्हते. ही घटना जगापासून १९८६ पर्यंत, म्हणजे पाव शतक लपवून ठेवण्यात आली.

सहा वर्षांनी, २७ जानेवारी १९६७ रोजी, केप कॅनाव्हेरलच्या तळावर सराव चालू असताना अपोलो-१ च्या कुपीला आग लागली. आत शुद्ध ऑक्सिजन होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा किंचित अधिक दाबाने. दार आतल्या बाजूला उघडणारे होते, त्यामुळे आतला दाब वाढताच ते उघडणे अशक्य झाले. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघेही गेले. त्यानंतर दार बाहेर उघडणारे झाले, जळाऊ वस्तू काढल्या गेल्या, आणि तळावर असताना कुपीत ऑक्सिजनबरोबर नायट्रोजन मिसळला जाऊ लागला. बोंदारेंकोचा मृत्यू १९६१ मध्येच उघड झाला असता, तर या सुधारणा आधी झाल्या असत्या का? मी ठामपणे ‘होय’ म्हणत नाही, कारण अमेरिकेच्या स्वतःच्या प्रयोगकक्षांतही १९६२ मध्ये ऑक्सिजनमुळे आगी लागल्या होत्या आणि त्यांपासून पुरेसा बोध घेतला गेला नाही. पण आपल्याच अहवालात नोंदलेली एक लहान आग आणि प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या तुकडीतील जळून मेलेला एक अंतराळवीर, यांचा अभियंत्यांच्या मनावर सारखाच परिणाम होत नाही. मला लिहिता आली असती, तर मी ही कथा लिहिली असती : ज्यात मॉस्कोने ही बातमी दडवली नाही, एका तरुणाचे नाव त्याच वर्षी सर्वांना कळले, आणि त्यामुळे दुसरीकडचे तिघे वाचले. या कल्पनेत कोणाचाही विजय हिरावून घ्यावा लागत नाही. एक बातमी वेळेवर छापली जाणे एवढेच तिला पुरते.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुरवणीत अशी कल्पित इतिहासाची कथा छापताना शेवटी चार ओळींची चौकट द्यावी, जिच्यात कथा कोणत्या तारखेला खऱ्या नोंदींपासून वेगळी होते ते स्पष्ट लिहिलेले असेल. शाळा-महाविद्यालयांतील मुले ही पुरवणी वाचतात, आणि खरे कोठे संपले व कल्पना कोठे सुरू झाली हे त्यांना कळायला हवे. दुसरी विनंती कथाकाराला. त्यांची भाषा समर्थ आहे आणि या विषयावर त्यांचे प्रेम आहे, हे प्रत्येक परिच्छेदात दिसते. त्यांनी पुढची कथा २३ ते २५ मार्च १९६१ या तीन दिवसांवर लिहावी, आणि आपण ती याच पुरवणीत छापावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, मिरज